मानमोडी की बर्ड फ्लू? नवापूर, २००६ आणि सव्वाशे वर्षांचा एक प्रश्न

#थ्रेड #इतिहास

१/
नवापूर रेल्वे स्थानकाची एक ख्याती आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा या स्थानकाला छेदून जाते. फलाटाचा एक भाग एका राज्यात, उरलेला दुसऱ्या राज्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये मात्र नंदुरबार जिल्ह्यातील हे छोटे गाव निराळ्याच कारणाने जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. १८ फेब्रुवारीस, शनिवारी, सरकारने जाहीर केले की नवापूरच्या पोल्ट्री फार्मांवर मेलेल्या कोंबड्यांत एच५एन१ विषाणू सापडला आहे. भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळल्याची ही पहिली अधिकृत नोंद होय.

२/
या घोषणेच्या कितीतरी दिवस आधीपासून कोंबड्या मरत होत्या. पोल्ट्रीवाल्यांचे म्हणणे होते, ही राणीखेत आहे. राणीखेत म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाची मानमोडी. पक्षी सुस्तावतो, खाणेपिणे सोडतो, हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते आणि शेडच्या शेड रिकामी पडते. बर्ड फ्लूची लक्षणेही पुष्कळशी अशीच. उघड्या डोळ्यांनी दोहोंतला भेद सांगणे अवघड. अखेर नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि तेथे निदान झाले.

३/
नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना या गल्लतीबद्दल हसण्याचे कारण नाही. हीच गल्लत युरोपातील नामवंत संशोधकांनी अनेक दशके केली होती. या रोगाचा सगळा इतिहासच ओळख पटण्याचा आणि न पटण्याचा इतिहास आहे. रोग दिसला तर थांबवता येतो. दडला तर पसरतो. कोंबड्या मारायच्या की त्यांना लस टोचायची, हा आज जगभर चाललेला वादही अखेर याच मुद्द्यापाशी येऊन थांबतो. त्यासाठी आधी इटलीत जायला हवे.

४/
१८७८. उत्तर इटलीतील पशुवैद्यक एदोआर्दो पेरोंचितो यांनी कोंबड्यांच्या एका अतिघातक साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी कोंबड्या पटापट मेल्या की 'कोंबड्यांचा कॉलरा' हे निदान ठरलेले असे. १८८० मध्ये रिवोल्ता आणि देलप्रातो यांनी दाखवले की लक्षणे आणि शवविच्छेदन यांवरून हा रोग कॉलऱ्याहून भिन्न ठरतो. पुढे त्याला 'कोंबड्यांचा प्लेग' असे नाव रूढ झाले. मानवी प्लेगशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता; नावात होती ती केवळ दहशत.

५/
१९०१ मध्ये चेंतान्नी आणि सावोनुत्सी यांनी सिद्ध केले की या रोगाचे कारण जिवाणूंना अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही पार होते. म्हणजे ते जिवाणूपेक्षा सूक्ष्म होते. 'विषाणू' ही कल्पना तेव्हा नुकती रुजत होती. त्याच वर्षी जर्मनीतील ब्रुन्सविक येथे कोंबड्यांचे प्रदर्शन भरले होते. तेथे पक्षी आजारी पडू लागताच प्रदर्शन गुंडाळण्यात आले आणि मालक आपापले पक्षी घेऊन घरी परतले. त्यांच्याबरोबर रोगही जर्मनीच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला.

६/
ब्रुन्सविकचा धडा साधा होता आणि तो पुन्हा पुन्हा शिकावा लागला. घाबरलेला मालक पक्षी हलवतो आणि पक्ष्याबरोबर विषाणू हलतो. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्कच्या जिवंत पक्ष्यांच्या बाजारांत हा रोग शिरला, तेव्हा तो फैलावण्यात मोठा वाटा होता न धुता पुन्हा वापरलेल्या खोक्यांचा आणि रेल्वेच्या डब्यांचा. बाधित कळप मारणे, खोकी व वाघिणी निर्जंतुक करणे, वाहतूक रोखणे, या उपायांनी तो आटोक्यात आला. लस तेव्हा कोणापाशीच नव्हती.

७/
मग राणीखेत कोठून आली? १९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कोंबड्यांची तशीच भयानक साथ आली. ब्रिटिश पशुवैद्यक डॉयल यांनी १९२७ मध्ये दाखवले की एका रोगातून बचावलेली कोंबडी दुसऱ्या रोगापासून सुरक्षित राहत नाही. अर्थात हे दोन रोग वेगळे आहेत. जवळजवळ त्याच काळात कुमाऊंतील राणीखेत येथे हा रोग आढळला आणि भारतात त्याला तेच नाव चिकटले. प्लेग आणि राणीखेत ही जुळी वाटणारी दुखणी तेव्हा कागदावर विभक्त झाली. शेडमध्ये मात्र ती कधीच पूर्णपणे विभक्त झाली नाहीत.

८/
दोघांचे पुढचे भवितव्य फार निराळे ठरले. राणीखेतवर १९४० च्या दशकात मुक्तेश्वर येथील संशोधन संस्थेत लस तयार झाली. आज डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून लस देणे हे प्रत्येक पोल्ट्रीवाल्याच्या अंगवळणी पडले आहे. हे शक्य झाले, कारण राणीखेतचा विषाणू लसीच्या दृष्टीने एकाच जातकुळीचा आहे. म्हणूनच 'लस दिली की रोग टळतो' ही श्रद्धा भारतीय कुक्कुटपालनात खोलवर मुरली. बर्ड फ्लूने याच श्रद्धेची परीक्षा घेतली.

९/
१९५५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर शेफर यांनी एक विलक्षण शोध लावला. कोंबड्यांचा प्लेग म्हणजे प्रत्यक्षात इन्फ्लुएन्झा 'ए' विषाणू, माणसांना फ्लू देणाऱ्या विषाणूचाच भाऊबंद! या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने असतात, 'एच' आणि 'एन'. पक्ष्यांत एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार परंपरेने मोजले जातात. एच५एन१, एच७एन९ ही नावे या जोड्यांवरून आली. एका जोडीवरची लस दुसरीवर चालेलच असे नाही. आणि एकाच जोडीतही विषाणू रूप पालटत राहतो.

१०/
मूळ घर कोणते? १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे १,३०० सुरय पक्षी या विषाणूने मेले आणि संशोधकांचे लक्ष रानपक्ष्यांकडे वळले. पुढील दोन दशकांत स्पष्ट झाले की रानबदके आणि इतर पाणपक्षी हे इन्फ्लुएन्झा विषाणूंचे पिढीजात आश्रयस्थान आहे. बदकाच्या आतड्यात विषाणू वाढतो, विष्ठेवाटे पाण्यात उतरतो, दुसरे बदक ते पाणी पिते. बदक सहसा आजारीही पडत नाही. हजारो वर्षांचा हा जणू तह होता. तो मोडतो कोंबडीच्या शेडमध्ये.

११/
तह मोडतो तो कसा? विषाणूला पेशीत शिरण्यासाठी त्याचे एच प्रथिन एका ठिकाणी कापले जावे लागते. सौम्य विषाणूचे प्रथिन कापणारी विकरे केवळ श्वसनमार्गात व आतड्यात असतात, म्हणून आजार तेथेच सीमित राहतो. पण एच५ किंवा एच७ विषाणू हजारो कोंबड्यांतून फिरताना कधीकधी कापण्याच्या जागेची रचना अशी बदलते की शरीरातील जवळपास कोणतीही पेशी ते काम करू शकते. मग विषाणू हृदय, मेंदू, मूत्रपिंड सर्वत्र पसरतो. तुरा निळा पडतो, डोके सुजते आणि एक-दोन दिवसांत कोंबडी मरते.

१२/
हे स्थित्यंतर १९८३ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात प्रत्यक्ष पाहायला मिळाले. एप्रिलमध्ये एच५एन२ विषाणू आला तेव्हा तो सौम्य होता. ऑक्टोबरपर्यंत तोच घातक झाला. सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारून साथ थांबवावी लागली. सौम्य विषाणूकडे दुर्लक्ष करणे म्हणजे घरात ठिणगी ठेवून झोपणे, हा त्याचा अर्थ. आणि सौम्य विषाणू तर दिसतच नाही. अंडी थोडी कमी होतात, दोन-चार कोंबड्या शिंकतात, इतकेच.

१३/
लसीचा पहिला मोठा प्रयोग मेक्सिकोचा. तेथे १९९४ मध्ये आढळलेला सौम्य एच५एन२ वर्षअखेरीस घातक झाला. जानेवारी १९९५ पासून मेक्सिकोने व्यापक लसीकरण हाती घेतले आणि त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत घातक रूप नाहीसे झाले. यश मोठे होते. पण सौम्य रूप फिरतच राहिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की वर्षानुवर्षे तीच लस वापरली जात असताना फिरता विषाणू तिच्यापासून बराच दूर सरकला होता. लसीने मृत्यू थांबवले, प्रवास थांबवला नाही.

१४/
येथे लसीचे काम नीट समजून घ्यावे लागते. लस टोचलेली कोंबडी सहसा मरत नाही आणि तिच्यातून बाहेर पडणारा विषाणूही पुष्कळ घटतो. हा मोठा लाभ आहे. मात्र लागण पूर्णपणे टळेलच याची हमी नाही. लस विषाणूशी जुळणारी नसेल वा मात्रा अपुरी पडली, तर धडधाकट दिसणारी कोंबडी विषाणू सोडत राहते. बिनलशीच्या शेडमध्ये मेलेल्या कोंबड्या हीच धोक्याची घंटा असते. लसीकरण केल्यावर ती घंटा वाजत नाही. तिच्या जागी दुसरी बसवावी लागते.

१५/
ही दुसरी घंटा पुन्हा इटलीनेच घडवली. १९९९-२००० मध्ये उत्तर इटलीत एच७एन१ च्या साथीत १ कोटी ३० लाखांहून अधिक पक्षी गमावले गेले. त्यानंतर तेथे एच७एन३ ची लस वापरण्यात आली. एच तोच असल्याने संरक्षण मिळे. एन निराळा असल्याने रक्त तपासून सांगता येई की पक्ष्याला केवळ लस मिळाली आहे की खरी लागण झाली आहे. काही ठिकाणी, उदाहरणार्थ हाँगकाँगमध्ये, लस दिलेल्या कळपात मुद्दाम काही बिनलशीच्या कोंबड्या ठेवल्या गेल्या. विषाणू आला तर आधी त्या मरत. त्या कळपाच्या पहारेकरी होत.

१६/
नवापूरला पोहोचलेल्या एच५एन१ ची वंशावळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका हंसापासून सुरू होते. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ जणांना त्याची लागण झाली, ६ दगावले. कोंबड्यांचा विषाणू थेट माणसाचा जीव घेतो हे जगाने प्रथमच इतक्या ठळकपणे पाहिले. २९ डिसेंबर १९९७ पासून हाँगकाँगने आपल्या हद्दीतील दहा लाखांहून अधिक कोंबड्या काही दिवसांत मारल्या. माणसांतील लागण थांबली. 'तातडीने मारा' या मार्गाचे ते आदर्श उदाहरण मानले गेले.

१७/
परंतु विषाणूची पाळेमुळे उरलीच होती. २००३ अखेर व २००४ च्या आरंभी कोरिया, व्हिएतनाम, थायलंड अशी साथ उसळली. मे २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्टकदंब हंस पुष्कळ होते. हेच हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात येतात, जायकवाडीच्या जलाशयावरही उतरतात. छिंगहायच्या शाखेचा विषाणू पाहता पाहता युरोप, आफ्रिका आणि दक्षिण आशियात पोहोचला. नवापूरचा विषाणूही याच शाखेचा. तो पंखांवरून आला की टेम्पोतून, यावर तेव्हा बराच वाद झाला.

१८/
२००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात काय घडले? बाधित क्षेत्राभोवती तीन किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या मारण्याचा आदेश निघाला. दहा किलोमीटरपर्यंत देखरेख. अंगभर संरक्षक पोशाख, मुखपट्ट्या, चष्मे घातलेली पथके शेडमध्ये शिरली. खड्डे खोदून, चुना टाकून पक्षी पुरण्यात आले. अंडी आणि खाद्यही नष्ट झाले. सीमेपलीकडे, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील उच्छल येथेही रोग आढळला. स्थानकाच्या फलाटावर रंगवलेली रेघ विषाणूला ठाऊक नव्हती.

१९/
मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील गावे, मग मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचा परिसर. त्या वर्षी तिन्ही राज्यांत मिळून सुमारे दहा लाख पक्षी नष्ट करण्यात आले. माणसांत एकही लागण सिद्ध झाली नाही. या दृष्टीने मोहीम यशस्वी ठरली. पण देशभर कोंबडी आणि अंड्यांची मागणी कोसळली. रेल्वे व विमानांतील जेवणातूनही चिकन हद्दपार झाले. नवापूरपासून शेकडो कोस दूर असलेल्या, एकही आजारी कोंबडी न पाहिलेल्या कुक्कुटपालकालाही त्याची झळ बसली.

२०/
जळगावची गोष्ट नवापूरहून वेगळी होती. नवापुरात शेड होत्या, हिशेबाच्या वह्या होत्या, कोंबड्यांची मोजदाद होती. खेड्यांत मात्र परसातल्या गावठी कोंबड्या होत्या. अशी कोंबडी बहुधा घरातील बाईची मालमत्ता असते. शाळेची वही, औषधाची बाटली, पाहुण्यासाठी रस्सा, सारे तिच्यावर भागते. तिची नोंद कोणत्याही वहीत नसते. पोशाखातले अनोळखी लोक दारात येऊन धडधाकट कोंबडी मागतात, तेव्हा ती खुराड्यातून काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पाठवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. ब्रुन्सविकच्या प्रदर्शनातही माणसांनी हेच केले होते.

२१/
याच ठिकाणी नुकसानभरपाईचा विचार येतो. भरपाईकडे सहसा दया किंवा मदत म्हणून पाहिले जाते. वास्तविक ती रोगनियंत्रणाचे साधन आहे. मेलेली कोंबडी पहिल्यांदा मालकच पाहतो. त्याने सांगितले तर दोन दिवसांत कळते. लपवले तर दोन आठवड्यांनी. सांगण्याचे फळ म्हणून सारा कळप जाणार आणि हातात तुटपुंजी रक्कम, तीही उशिरा येणार असेल, तर गप्प राहणे हाच शहाणपणा ठरतो. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये परसातल्या कोंबड्यांची मोठी साथ आली तेव्हा लोकांनी कोंबड्या लपवल्याच्या बातम्या सतत येत होत्या. तेथे चाळीस लाखांच्या आसपास पक्षी मारावे लागले.

२२/
नवापूरच्या घोषणेच्या आदल्याच दिवशी, १७ फेब्रुवारी २००६ रोजी, इजिप्तनेही एच५एन१ आल्याचे जाहीर केले. शाखा तीच, आठवडा तोच. इजिप्तमध्ये गच्च्यांवर, अंगणांत घरोघरी पक्षी पाळले जातात. तेथे आरंभी कोट्यवधी पक्षी मारले गेले. मात्र भरपाईची व्यवस्था टिकली नाही आणि लवकरच लसीकरणावर भिस्त ठेवण्यात आली. मोठ्या फार्मांवर लस पोहोचली, गच्चीवर अपुरी. विषाणू दडून राहिला, बदलत गेला, काही लसींना दाद देईनासा झाला. पुढील दशकात तेथे ३५० हून अधिक माणसांना लागण झाली, सुमारे १२० दगावली.

२३/
यावरून 'मारणे श्रेष्ठ, लस कनिष्ठ' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चीनचे उदाहरण उलट दिशेने बोलते. तेथे २०१३ मध्ये एच७एन९ आला. कोंबड्यांत तो अगदी सौम्य, जवळजवळ अदृश्य. माणसांत मात्र घातक. काही वर्षांत १,५०० हून अधिक माणसांना लागण झाली, ६०० हून अधिक दगावली. मेलेल्या कोंबड्यांची घंटा येथे वाजलीच नाही. सप्टेंबर २०१७ पासून चीनने एच५ आणि एच७ दोहोंवरील एकत्रित लस देशभर द्यायला सुरुवात केली. लगेच पुढच्या हंगामात माणसांतील रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

२४/
फ्रान्सची कथाही अशीच. २०२१-२२ च्या हंगामात तेथील फार्मांवर १,३०० हून अधिक ठिकाणी उद्रेक झाले, कोट्यवधी पक्षी मारले गेले. ऑक्टोबर २०२३ पासून २५० हून अधिक बदके असलेल्या फार्मांवर लस सक्तीची झाली, जोडीला कडक तपासणी. त्या हंगामात उद्रेक जेमतेम दहा. पण अमेरिकेने तत्काळ फ्रान्सच्या पक्ष्यांवर आयातीचे निर्बंध घातले. कारण तेच जुने: लस दिलेल्या कळपात रोग दडला असेल तर? ज्या देशाची निर्यात मोठी, तो लसीला म्हणूनच कचरतो.

२५/
मेक्सिको, इजिप्त, चीन, फ्रान्स यांना एका ओळीत ठेवले की फरक कुपीतल्या औषधात कमी आणि भोवतालच्या व्यवस्थेत अधिक दिसतो. विषाणू बदलताच लस बदलली का? लस दिलेल्या कळपाचे नमुने नियमित तपासले का? परसातल्या कोंबडीपर्यंत कोणी पोहोचले का? प्रत्येक पक्ष्याला सुई टोचणे खर्चाचे असते. ब्रॉयलर तर सहा आठवड्यांच्या आतच विकला जातो आणि प्रतिकारशक्ती यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. राणीखेतसारखे दोन थेंब टाकून मोकळे होता येत नाही.

२६/
भारताने घातक बर्ड फ्लूसाठी 'शोधा, मारा, भरपाई द्या' हेच धोरण प्रामुख्याने चालवले. कालांतराने पक्षी मारण्याचा परीघ तीन किलोमीटरवरून एकवर आणला गेला. भरपाईचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. धोरणाने लय धरली, पण विषाणू परत येतच राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये, पंधरा वर्षांनी, त्याच नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो कोंबड्या खड्ड्यांत गेल्या. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत हरियाणाच्या एका मुलाचा एच५एन१ ने मृत्यू झाला. भारतातील ही पहिली मानवी नोंद.

२७/
पेरोंचितोपासून आजवर विज्ञानाने फार मजल मारली. विषाणूचा अक्षर-अक्षर नकाशा काही तासांत वाचता येतो. तरीही पहिली बातमी प्रयोगशाळेतून येत नाही. ती येते पहाटे शेडचे दार उघडणाऱ्या माणसाकडून, खुराड्याचे झाकण सरकवणाऱ्या बाईकडून. समोर चार मेलेल्या कोंबड्या असतात आणि मनात एकच प्रश्न: मानमोडी म्हणून गप्प बसायचे, की डॉक्टरांना कळवायचे? सांगितल्याने आपण बुडणार नाही एवढा भरवसा त्या क्षणी असेल, तर मारण्याचे धोरणही चालते आणि लसीचेही. तो नसेल तर दोन्ही फसतात. ब्रुन्सविकपासून नवापूरपर्यंतच्या सगळ्या साथींनी हेच सांगितले आहे.

#बर्डफ्लू #नवापूर #इतिहास #मराठी